मोरबाथची मेंढरे : सोळाव्या शतकातील एका इंग्लिश खेड्यातील शेतकऱ्यांची चर्चसेवा

इंग्लंडच्या नैर्ऋत्य भागातील डेव्हन परगण्याच्या उत्तर सीमेवर, एक्समूर या उजाड पठाराच्या दक्षिण उतारावर, मोरबाथ नावाचे एक लहानसे खेडे आहे. बाजारपेठ म्हणावी असे जवळचे गाव म्हणजे बॅम्प्टन. परगण्याचे मुख्य नगर एक्झिटर त्याहून बरेच दूर. जमीन थंड व ओलसर, पीक बेताचे, आणि म्हणून भिस्त मेंढरांवर. सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धात या गावात सुमारे ३३ कुटुंबे नांदत होती. येथे कोणतीही लढाई झाली नाही, कोणी विख्यात पुरुष जन्मास आला नाही. असे असता इंग्लंडच्या धर्मसुधारणेच्या इतिहासात या खेड्याचे नाव आज आदराने घेतले जाते, त्याचे कारण एकच. १५२० पासून पुढे अर्ध्या शतकाहून अधिक काळ या गावच्या चर्चचे हिशेब लिहिले गेले आणि ते टिकून राहिले. बिनी यांनी ते १९०४ साली एक्झिटर येथे छापून प्रसिद्ध केले. परंतु त्यांतून एका समाजाचे चरित्र उभे करता येते हे दाखविले ते ईमन डफी यांनी, २००१ साली प्रसिद्ध झालेल्या ‘द व्हॉइसेस ऑफ मोरबाथ’ या ग्रंथात.

सर्व हिशेब एकाच हाताचे आहेत. तो हात क्रिस्टोफर ट्रिकी या धर्मगुरूचा. १५२० साली तो गावात आला आणि १५७४ मध्ये मरण पावला. म्हणजे चौपन्न वर्षे त्याने एकाच वेदीची सेवा केली. हिशेबांत त्याचा उल्लेख ‘सर क्रिस्टोफर’ असा येतो. विद्यार्थ्यांनी येथे फसू नये. विद्यापीठाची पदवी नसलेल्या धर्मगुरूस त्या काळी लावावयाचे ते एक आदरार्थी संबोधन होते, सरदारकीशी त्याचा काही संबंध नाही. ट्रिकी हाही शेतकरी घराण्यातलाच, डेव्हनमधील कल्मस्टॉक गावचा. हिशेब ज्यांचे, ते वॉर्डन मात्र बहुधा निरक्षर कुळवाडी. वॉर्डनाने तोंडी सांगावे, धर्मगुरूने वॉर्डनाच्याच वतीने प्रथमपुरुषी लिहावे आणि मग जमलेल्या गावापुढे मोठ्याने वाचून दाखवावे अशी रीत होती. त्यामुळे या कागदांची भाषा रुक्ष जमाखर्चाची राहत नाही. तीत गावकऱ्यांना उद्देशून केलेली विनवणी येते, क्वचित चिमटा येतो, देणगीदाराच्या आत्म्यासाठी प्रार्थनेची आठवणही येते. तथापि याच गुणामुळे साधनाची मर्यादाही ठरते. शेतकऱ्याचा आवाज आपल्यापर्यंत पोहोचतो तो धर्मगुरूच्या लेखणीतून गाळून आलेला. ज्यास ही सेवा जाचक वाटली, ज्याने कुरकुर करीत मेंढरू सांभाळले, त्याची बाजू ट्रिकीने मांडली असेल तेवढीच आपणास दिसते.

शेतकऱ्याने चर्चची सेवा करावी ही अपेक्षा मोरबाथपुरती नव्हती. इमारतीच्या जबाबदारीची एक वाटणी तेराव्या शतकापासून इंग्लंडात रूढ झालेली होती. वेदीकडील भाग धर्मगुरूने किंवा दशांशाच्या धन्याने राखावा, आणि लोक ज्यात उभे राहतात तो मुख्य मंडप, त्याचे छप्पर, ग्रंथ, पात्रे, वस्त्रे व घंटा यांचा भार गावाने उचलावा असा तो दंडक. १२८७ साली एक्झिटरचा बिशप पीटर क्विनेल याने भरविलेल्या धर्मसभेने तर गावाने पुरवावयाच्या वस्तूंची तपशीलवार यादीच घालून दिली. एवढा भार वाहावयाचा तर गावाच्या नावे पैसा हवा, आणि पैसा सांभाळावयास माणूस हवा. त्या गरजेतून चर्चवॉर्डन हा अधिकारी निर्माण झाला. सॉमरसेटमधील याटन येथील हिशेब १४४५ पासून, तर डेव्हनमधील अॅशबर्टन येथील १४७९ पासून उपलब्ध आहेत; त्यांवरून या पदाची घडण पंधराव्या शतकातच पुरी झाली होती हे दिसते. मोरबाथचे वैशिष्ट्य पदाच्या नवेपणात नाही. ते आहे त्याच्या सूक्ष्म विभागणीत.

मोरबाथच्या चर्चला एक तिजोरी नव्हती. अनेक लहान लहान निधी होते. त्यांना ‘स्टोअर’ म्हणत. चर्चचा मुख्य संत जॉर्ज याचा एक, मरियेचा एक, येशूच्या मूर्तीपुढील दिव्याचा एक, संत अँथनी व संत लॉय यांचे आपापले, गावातील मृतात्म्यांसाठी जळणाऱ्या दिव्याचा एक. ट्रिकीने आल्यानंतर थोड्याच काळात एक्झिटरची स्थानिक हुतात्मा संत सिडवेल हिची मूर्ती बसविली, तेव्हा तिचाही एक निधी झाला. ही भक्ती गावाने इतकी आपलीशी केली की पुढे मोरबाथच्या मुलींची नावे सिडवेल अशी ठेवली जाऊ लागली. याखेरीज गावातील अविवाहित तरुणांचा एक आणि कुमारिकांचा एक, असे दोन निधी होते. शेजारच्या सॉमरसेटमध्ये क्रॉस्कोम येथेही तरुणांचे व कुमारिकांचे असे संघ आढळतात, त्यामुळे ही प्रथा त्या टापूत सर्वसाधारण असावी. प्रत्येक निधीचे वॉर्डन निराळे, आणि हिशेब सादर करण्याचा दिवसही निराळा.

यांतील काही निधींचे भांडवल नाण्यांत नसून मेंढरांत होते. चर्चच्या मालकीचा एक कळप असे. पण तो एका ठिकाणी चरत नसे. एकेक मेंढी एकेका शेतावर, त्या त्या शेतकऱ्याच्या स्वतःच्या मेंढरांबरोबर राही. चारा त्याचा, राखण त्याची, हिवाळ्यातील काळजी त्याची. लोकर आणि वाढ मात्र चर्चची. वर्षाच्या हिशेबात मेंढीगणती होई. कोणाकडे कोणते जनावर आहे, कोकरू झाले की नाही, कोणते विकले, कोणते मेले, लोकर किती निघाली, हे सर्व नावानिशी गावापुढे वाचले जाई. या पद्धतीतील व्यवहारज्ञान लक्षात घेण्याजोगे आहे. ज्या कुटुंबास रोख पैसा देणे कठीण, त्यासही एका जास्तीच्या मेंढीची राखण जड जात नव्हती. शिवाय गावातील बहुतेक प्रत्येक कुंपणाआड संताचे एखादे जनावर असल्याने, चर्चची मालमत्ता ही कोणा दूरस्थ संस्थेची मालमत्ता न राहता रोज सकाळी मोजावयाची, पावसात शोधावयाची वस्तू झाली. कोणी मधमाशांचे पोळे देई. त्यातील मेण मूर्तीपुढे जळे. दान आणि शेतीकाम यांतील सीमारेषा येथे फार पुसट आहे.

रोख उत्पन्नाचे मोठे साधन निराळे होते. चर्चलगत गावाच्या मालकीचे एक घर असे, त्यात वर्षातून ठरावीक वेळी जवाची ‘एल’ ही दारू गाळून गावजेवण घालीत, आसपासच्या गावांनाही बोलावीत, आणि नफा चर्चला जाई. हा ‘चर्च-एल’ मुख्य वॉर्डन भरवीत. तरुणांचा एल वेगळा असे. दारूच्या नफ्यावर देवळाचे छप्पर राखावे ही गोष्ट आपल्याकडील वाचकास विचित्र वाटेल, आणि पुढे इंग्लंडातील कडव्या सुधारकांनाही ती तशीच वाटली. सोळाव्या शतकारंभीच्या डेव्हनमध्ये मात्र तीत कोणास वावगे दिसत नव्हते.

या निरनिराळ्या पदांवर कोण केव्हा आला हे पाहू गेल्यास मोरबाथच्या शेतकऱ्याच्या आयुष्याचा एक क्रमच नजरेसमोर येतो. वयात आलेला मुलगा तरुणांच्या निधीत येई, तेथे आपल्या बरोबरीच्यांकडून पैसे गोळा करण्यास व हिशेब देण्यास शिके. मुलीही आपल्या निधीसाठी हेच करीत. लग्न होऊन शेत हाती आले की चर्चची मेंढी दारी येई. मग मरियेच्या, मृतात्म्यांच्या किंवा अन्य एखाद्या निधीचे वॉर्डनपण येई. पुढे, शेताची पाळी आली म्हणजे, मुख्य वॉर्डनाचे. ज्यांच्यावर गावाचा विश्वास बसे ते उतारवयात चार-पाच वडीलधाऱ्यांच्या मंडळात जात. या मंडळाकडे गावाचा राखीव पैसा असे, आणि प्रसंगी घरोघर वर्गणी बसविण्याचा अधिकारही असे. अशा रीतीने एका सामान्य कुळवाड्याची चर्चसेवा खरोखरच हयातभर चाले. परंतु ही सेवा कोणा एका भाविकाच्या विशेष निष्ठेची कथा नाही. ती पाळीने येई, टाळता येत नसे, आणि ज्याची भक्ती कोमट असेल त्यासही ती करावी लागे.

पाळी माणसाची नसून शेताची होती हे विशेष ध्यानात घेतले पाहिजे. मोरबाथमध्ये टाइमवेल, मॉर्स, सीली, नॉर्मन, बरेज अशी मोजकीच आडनावे. एकाच नावाचे दोघे-तिघे असल्यामुळे हिशेबात माणूस त्याच्या शेताच्या नावाने ओळखला जातो. शेत विधवेच्या हाती आले तर वॉर्डनपणही तिच्याकडे येई. १५४८ च्या बिकट वर्षी मुख्य वॉर्डन एक स्त्रीच होती. तिचा संदर्भ पुढे येईल. आपल्याकडील गावकीशी याची तुलना करण्याचा मोह होतो, पण ती जपून करावयास हवी. त्याच शतकात गोव्यातील गावकऱ्यांच्या ज्या संस्थांचे रिवाज १५२६ च्या फोरालमध्ये पोर्तुगीजांनी नोंदविले, त्या संस्थांनी धर्मांतरानंतर गावच्या चर्चचा खर्च उचलला हे खरे. मात्र तेथे मान जन्माने ठरे, आणि पुष्कळ ठिकाणी चर्चमधील बंधुसंघांचे दरवाजे गावकार घराण्यांपुरतेच उघडे असत. मोरबाथमध्ये जन्मसिद्ध मानकरी नव्हता. जो शेत कसतो त्याने पाळी करावी, एवढाच नियम.

या व्यवस्थेची ताकद संकटात दिसे. १५३४ च्या नोव्हेंबरात चोर शिडी लावून चर्चमध्ये शिरले व मिस्सेचा चांदीचा प्याला घेऊन गेले. नवा प्याला म्हणजे गावावर एक मोठी वर्गणी. तेव्हा गावातील तरुण व कुमारिका एकत्र आल्या, त्यांनी आपसांत पैसे जमविले आणि गावावर काहीही बोजा न टाकता दुसरा प्याला आणून दिला. ट्रिकीने ही गोष्ट नोंदविताना लपवू न शकलेला अभिमान आजही वाचणाऱ्यास जाणवतो.

पण सारेच असे गोडीगुलाबीने चालत नव्हते. त्याच दशकात चर्चच्या कारकुनाच्या मोबदल्यावरून गावात कलह माजला. हा कारकून म्हणजे धर्मगुरूचा सहायक. घंटा वाजविणे, प्रतिसाद म्हणणे ही त्याची कामे. त्याला घरटी ठरावीक पैसे आणि धान्याचा वाटा द्यावयाचा. बलुत्याशी परिचय असलेल्या वाचकास ही पद्धत समजावून सांगण्याचे कारण नाही, आणि तीतून उद्भवणारी भांडणेही अपरिचित वाटू नयेत. मोठ्या शेताच्या धन्याने किती द्यावे, ज्याला जमीनच नाही अशा झोपडीवाल्याने किती द्यावे, आणि कोणी नाकारले तर काय करावे, यावर काही वर्षे तोडगा निघेना. अखेर १५३६-३७ च्या सुमारास लवाद बसून गावाने एक करार मान्य केला, आणि ट्रिकीने तो काळजीपूर्वक लिहून ठेवला. मतभेद मोजणीने सोडविता येत नाही, सर्वांचे मन वळवावे लागते, बहुमताने अल्पमतास दाबणे हा पराभव आहे, अशी त्या समाजाची समजूत या प्रकरणात स्पष्ट दिसते. आजच्या लोकशाही कल्पनांनी तिला जोखू नये. गावात एकोपा असणे ही त्यांच्या दृष्टीने मिस्सेचे फळ पदरात पडण्याची अटच होती.

ट्रिकीच्या स्वतःच्या मनात या काळात एक संकल्प होता. मृतांसाठी म्हणावयाच्या मिस्सेकरिता चर्चला काळ्या रंगाची पूजावस्त्रे नव्हती. ती घेण्यासाठी त्याने चर्चच्या मेंढरांच्या लोकरीवरील आपल्या दशांशाचा हक्क सोडला आणि तो पैसा बाजूला ठेवावयास सुरुवात केली. मृत्युपत्रांतून येणाऱ्या लहानसहान देणग्या त्यात पडत गेल्या. प्रत्येक हिशेबात शिल्लक थोडी वाढलेली दिसते. जवळजवळ वीस वर्षांच्या बचतीनंतर १५४७ मध्ये ती वस्त्रे चर्चमध्ये आली.

त्याच वर्षाच्या जानेवारीत आठवा हेन्री मरण पावला आणि नऊ वर्षांचा सहावा एडवर्ड गादीवर बसला. मृतांसाठी प्रार्थना करणे निष्फळ व अंधश्रद्धेचे आहे असे मानणाऱ्यांच्या हाती राज्य गेले.

वस्तुतः बदलाचे वारे गावापर्यंत त्याआधीच पोहोचले होते. मोरबाथची जमीनदारी ज्या बार्लिंच मठाकडे होती तो मठ १५३६ साली बंद झाला. त्याची एक काचेची खिडकी मोरबाथच्या चर्चला मिळाली, एवढाच लाभ. १५३८ च्या राजाज्ञेने संतांच्या मूर्तींपुढे दिवे लावण्यास बंदी केली. ज्या दिव्यांसाठी निधी होते ते दिवेच विझले. राजाज्ञेस विरोध झाल्याची खूण हिशेबांत नाही; निधी एकेक करून मिटत गेले, काहींचा पैसा इतर कामी लागला, तरुणांचे व कुमारिकांचे निधी संपुष्टात आले. लोकांचे मत काय होते हे अशा मौनावरून सांगणे धोक्याचे आहे. एवढे मात्र खरे की या निधींबरोबर वॉर्डनपदेही गेली, म्हणजे गावातील दहा-वीस माणसांना दरवर्षी मिळणारी जबाबदारी आणि प्रतिष्ठा गेली. तरुण मुलामुलींना सार्वजनिक पैशाचा हिशेब द्यावयास शिकविणारी जी एकमेव शाळा गावात होती, ती या आज्ञेने बंद पडली. आणि आज्ञा काढणाऱ्यांच्या ते गावीही नसावे.

१५४७ च्या उन्हाळ्यात एडवर्डच्या शासनाने नव्या आज्ञा काढल्या. मूर्ती व मिरवणुकी यांवर घाला आला. प्रत्येक चर्चने इंग्लिश बायबलखेरीज इरॅस्मसचे शुभवर्तमानांवरील विवरण विकत घ्यावे असे ठरले. म्हणजे उत्पन्न बुडाले त्याच वेळी खर्च वाढला. १५४८ साली मुख्य वॉर्डनपण ल्यूसी सीली हिच्या शेताकडे आले. तिच्या कारकिर्दीत चर्चची मेंढरे विकली गेली, वस्त्रे व अन्य सामान विकले गेले, एलचे उत्पन्नही थांबले. ट्रिकीने पुढे या वर्षाचा उल्लेख केला आहे तो कडवटपणाने. पण दोष ल्यूसीला देणे अन्यायाचे होईल. आज्ञांची अंमलबजावणी न केल्यास दंड वॉर्डनाला होता, धर्मगुरूला नव्हे. जो शेतकरी पाळीने कळप सांभाळावयाचा, त्यानेच आता पाळीने तो विकावयाचा होता.

यात भर पडली ती करांची. १५४९ च्या आरंभी पार्लमेंटने मेंढरांवर आणि लोकरी कापडावर कर बसविला. लोकरीवर जगणाऱ्या डेव्हनला तो विशेष झोंबला. त्याच वर्षी ९ जूनला, पेंटेकॉस्टच्या रविवारी, लॅटिन मिस्सेच्या जागी इंग्लिश प्रार्थनाग्रंथ सक्तीचा झाला, आणि दुसऱ्या दिवशी सॅम्पफर्ड कोर्टने या डेव्हनमधील गावच्या लोकांनी आपल्या धर्मगुरूस जुनी मिस्सा म्हणावयास लावली. तेथून पेटलेल्या बंडात कॉर्नवॉलचे लोक सामील झाले. बंडखोरांनी २ जुलैपासून एक्झिटरला वेढा घातला. नगराबाहेर सेंट डेव्हिड्स डाउन या टेकाडावर त्यांचा एक तळ होता.

मोरबाथच्या हिशेबांत याच सुमाराची एक नोंद आहे. गावातील पाच तरुण, विल्यम हर्ली, टॉमस बरेज, जॉन टाइमवेल, क्रिस्टोफर मॉर्स व रॉबर्ट झेअर, यांना गावाच्या पैशातून शस्त्रे व वाटखर्ची दिली गेली. त्यांपैकी एकास दिलेली रक्कम ६ शिलिंग ८ पेन्स, म्हणजे पौंडाचा तिसरा हिस्सा. जावयाचे ठिकाण सेंट डेव्हिड्स डाउनचा तळ. बिनीच्या छापील आवृत्तीवरून या नोंदीचे मर्म कोणाच्या लक्षात आले नव्हते. डफी यांनी मूळ हस्तलिखित नव्याने वाचले तेव्हा ते उघड झाले. राजद्रोहाचा खर्च गावच्या चर्चच्या जमाखर्चात, नेहमीच्या शांत अक्षरात, मांडलेला आहे. छप्पर, घंटेचा दोर, मेणबत्त्या आणि मग पाच पोरांची शस्त्रे.

बंड ऑगस्टात मोडले. लॉर्ड रसेलच्या फौजेत भाडोत्री जर्मन व इटालियन सैनिक होते. क्लिस्ट सेंट मेरी आणि सॅम्पफर्ड कोर्टने येथील लढाया अत्यंत क्रूर झाल्या, आणि काही हजार माणसे मारली गेली. या पाचांपैकी काहींची नावे त्यानंतरच्या हिशेबांत आढळत नाहीत. जो तरुण परतून आला नाही, त्याच्या शेताची पाळी दुसऱ्याने केली असणार.

येथे अभ्यासकांत एक मतभेद आहे आणि तो मूलगामी आहे. १९६४ साली प्रसिद्ध झालेल्या ए. जी. डिकन्स यांच्या ‘द इंग्लिश रिफॉर्मेशन’ या ग्रंथाने सुधारणेस लोकांतून मोठा पाठिंबा होता असे प्रतिपादन केले होते. डफी आणि त्यांच्या मताच्या अभ्यासकांनी त्याच्या उलट, जुना धर्म जिवंत होता व तो वरून मोडला गेला, असे दाखविण्याचा प्रयत्न केला. ईथन शागन यांनी २००३ मध्ये तिसराच प्रश्न उपस्थित केला. सरकारला खेडोपाडी स्वतःचे नोकर नव्हते; तेव्हा मोडतोड झाली ती गावकऱ्यांच्याच हातून. विक्रीतून लाभ होत असेल तर सहकार्यही मिळाले. मोरबाथपुरते पाहता शागन यांचा मुद्दा नाकारता येत नाही, कारण चर्चच्या वस्तू विकत घेणारेही शेजारीच होते. पण ‘सहकार्य’ हा शब्द तेथे अपुरा पडतो. विकत घेतलेली वस्तू लाभासाठी घेतली की लपविण्यासाठी, हे खरेदीच्या दिवशी सांगता येत नाही.

त्याचे उत्तर १५५३ मध्ये मिळाले. एडवर्ड वारला, त्याची कॅथॉलिक बहीण मेरी राणी झाली, आणि मोरबाथच्या शेतघरांतून चर्चचे सामान बाहेर येऊ लागले. कोणी मूर्तीचा भाग आणला, कोणी वस्त्रे, कोणी ग्रंथ. ट्रिकीने या सर्वांची नोंद नावानिशी केली आणि त्यांची वाखाणणी केली. सर्वच परत आले असे नाही. तरी वर्षानुवर्षे धान्याच्या कोठारात किंवा पेटीच्या तळाशी या वस्तू ठेवणे म्हणजे चौकशी आली तर दंडास पात्र होणे होय, हे ठेवणारांस ठाऊक असले पाहिजे. या काळातील त्यांची चर्चसेवा कोणत्याही पदाची नव्हती, कोणत्याही हिशेबात दिसणारी नव्हती. मेंढी सांभाळण्याची सवय असलेल्या माणसांनी मूर्ती सांभाळली. मेरीच्या पाच वर्षांत वेदी पुन्हा बांधली गेली आणि क्रूसमूर्ती पुन्हा चढली. मात्र मूर्तींपुढील दिव्यांचे ते छोटे छोटे निधी इंग्लंडातील खेड्यांत फारसे पुन्हा उभे राहिले नाहीत. एकदा गिळले गेलेले भांडवल पुन्हा घालावयास लोक बिचकत होते, असा याचा अर्थ करावयास हरकत नाही.

१५५९ मध्ये एलिझाबेथच्या पार्लमेंटने इंग्लिश प्रार्थनाग्रंथ पुन्हा आणला; रविवारी चर्चला न जाणारास १२ पेन्स दंड ठरला आणि तो वसूल करण्याचे काम वॉर्डनांकडे आले. ट्रिकीने गाव सोडले नाही. ज्या हाताने काळ्या वस्त्रांसाठी वीस वर्षे पैसा जमविला, त्याच हाताने त्याने नव्या उपासनेच्या ग्रंथांचा खर्च टिपला. याला कोणी संधिसाधूपणा म्हणतील. त्या मानाने, ज्या माणसांना त्याने बाप्तिस्मा दिला व ज्यांच्या आईबापांना पुरले, त्यांना सोडून जाणे त्याला शक्य झाले नाही, हा अर्थ कागदांशी अधिक जुळतो. १५७४ च्या मे महिन्यात तो मरेपर्यंत हिशेब त्याच्याच अक्षरात होते.

पण त्या शेवटच्या वर्षांतील वॉर्डन १५२० च्या वॉर्डनाहून निराळा आहे. १५५५ च्या कायद्याने रस्तेदुरुस्तीचा भार पॅरिशवर आला होता; सैनिकांची शस्त्रे, पूल, गरिबांची तरतूद हे विषय हिशेबांत वाढत गेले, आणि हा खर्च मेंढीच्या लोकरीतून भागत नव्हता, तो घरपट्टीने बसविलेल्या वर्गणीतून निघत होता. १६०१ च्या गरीबविषयक कायद्याने वॉर्डनास पदसिद्ध गरीबपर्यवेक्षक केले. पूर्वी तो संताची लोकर मोजून घेण्यासाठी शेजाऱ्याच्या कुंपणाशी जाई. आता करदात्यांची यादी घेऊन त्याच्या दाराशी जाऊ लागला. चर्चसाठीची ही सक्तीची वसुली इंग्लंडात १८६८ साली कायद्याने बंद झाली.